सर्व्हर खोलीतून क्लाउडवर: प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२५

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सर्व्हर खोलीचं दार उघडलं तर चौथ्या डिस्कचा दिवा पिवळा. सुटी डिस्क बसवली. डेटा नव्याने जुळायला अकरा तास लागतील असं मशीन दाखवतंय. आमच्या रचनेत एकच डिस्क गेलेली चालते, म्हणजे या अकरा तासांत दुसरी गेली तर सगळं संपलं. मशीन सात वर्षांचं आहे, आणि चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. "नवीन सर्व्हर घ्यायचा की क्लाउडवर जायचं? महिन्याभरात सांगा. जायचं ठरलं तर वर्ष संपायच्या आत घेऊनही जा."

संध्याकाळी नवी वही काढली आणि पहिल्याच पानावर तीन रकाने आखले: आमचं, त्यांचं, कोणाचंच नाही. आज जी कामं हा सर्व्हर सांभाळतो ती एकेक करून लिहायची आणि प्रत्येकापुढे जबाबदार कोण ते भरायचं. पहिलीच ओळ अडली. बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर होतो, त्याची चिठ्ठी मला मेलवर येते. पण त्या बॅकअपमधून शेवटचं काही परत कधी मिळवलं होतं? मला आठवेना, ऑफिसातही कुणाला सांगता येईना. ही ओळ तिसऱ्या रकान्यात गेली.

४ सप्टेंबर, गुरुवार

क्लाउड म्हणजे ढोबळमानाने दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली यंत्रं नेटवरून भाड्याने वापरणं. पण या शब्दाखाली प्रत्येक विक्रेता वेगळं काही विकतो, म्हणून आधी व्याख्या वाचली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये ती छापली, अजूनही तीच कामाला येते. पाच लक्षणं दिली आहेत: हवं तेव्हा आपलं आपण घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, एकच साधनसाठा अनेक ग्राहकांत वाटलेला असणं, गरजेनुसार पटकन कमी-जास्त होणं आणि वापर मोजला जाणं. आमचा सर्व्हर या पाचांसमोर उभा करून पाहिला. मोजणं तर अजिबात नाही. कोणता विभाग किती जागा, किती वेळ वापरतो याचा आकडा आमच्याकडे कधीच नव्हता.

संगणकशक्ती विजेसारखी किंवा टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, हा विचार संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. व्यवसायांना तो हाताशी यायला २००६ उजाडलं. त्या वर्षी १४ मार्चला अॅमेझॉनने एस-थ्री ही साठवणीची सेवा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या मशीनची. विजेची उपमा सगळे देतात, मला ती अर्धीच पटते. वीज कंपनीकडे आपलं काही ठेवलेलं नसतं. उद्या कंपनी बदलली तर फक्त तार बदलते. इथे आपली सगळी खाती, सगळे ग्राहक त्यांच्या घरात राहायला जातात. म्हणून घरात शिरताना बाहेर पडायचं दार कुठे आहे हेही पाहून ठेवायला हवं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाच दिवस मोजणी केली. यादीत चार गोष्टी अपेक्षित होत्या: हिशेबाचं सॉफ्टवेअर, मालसाठ्याचा डेटाबेस, ऑर्डर घेणारी वेबसाइट, सगळ्यांच्या सामायिक फाइली. निघाल्या नऊ. दर सोमवारी विक्री विभागाला जाणारा अहवाल एका छोट्या स्क्रिप्टमधून निघतो आणि ती लिहिणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली आहे. गोदामातली लेबलं छापणारा प्रोग्राम सर्व्हरवर नाहीच, एका टेबलाखालच्या जुन्या पीसीवर चालतो. तो पीसी कुणी बंद केला असता तर माल निघालाच नसता.

गेल्या दोन आठवड्यांचा भार काढला. प्रोसेसर एरवी सरासरी ९ टक्के, महिनाअखेरीच्या दोन दिवसांत ७४. म्हणजे वर्षातल्या चोवीस दिवसांसाठी घेतलेलं मशीन बाकीचे दिवस रिकामं तापत बसतं. फाइली ४ टेराबाइट, त्यातल्या २.६ टेराबाइटला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. क्लाउडवर गेलो वा न गेलो, हे आकडे आम्हाला आधीच माहीत असायला हवे होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

युरोपीय संघाचा डेटा कायदा आजपासून लागू झाला. एका क्लाउडवरून दुसरीकडे जाणाऱ्या ग्राहकाला अडवता येणार नाही, आणि १२ जानेवारी २०२७ पासून त्या बदलासाठी वेगळं शुल्कही घेता येणार नाही. गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तर २०२४ मध्येच सोडून जाणाऱ्या ग्राहकांना डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ करायला सुरुवात केली होती. आम्हाला हा कायदा लागू होवो न होवो, त्यातला प्रश्न उचलला. प्रत्येक विक्रेत्याला पत्र टाकलं: आम्ही निघालो तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल? दोघांकडून नीट उत्तर आलं. तिसऱ्याने माहितीपत्रक पाठवलं. त्याचं नाव यादीतून काढलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लेखा विभागाच्या मॅडमबरोबर दोन तास बसले. वहीतले तीन रकाने त्यांच्यासमोर ठेवले.

तुम्ही भाड्याने काय घेता त्यावर जबाबदारीची रेघ वर-खाली सरकते. नुसतं मशीन भाड्याने घेतलं तर इमारत, वीज, थंडावा, डिस्क त्यांच्याकडे, पण ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच (दुरुस्त्या), फायरवॉलचे (बाहेरून कोणाला आत सोडायचं त्याचे) नियम, पासवर्ड, बॅकअप आपल्याकडे. डेटाबेस सेवा म्हणून घेतला तर पॅचही त्यांच्याकडे जातात. अख्खं सॉफ्टवेअरच सेवा म्हणून घेतलं तर जवळजवळ सगळं त्यांचं. मॅडम लगेच म्हणाल्या, "मग हिशेबाचं सगळं त्यांच्यावर सोपवून मोकळं होऊ की!"

"कुणी चुकून मागच्या वर्षीची सगळी व्हाउचरं डिलीट केली तर?"

"ते परत देतील ना?"

करार उघडून वाचला. त्यांचं मशीन बिघडून डेटा गेला तर ते परत देतात. आपल्या माणसाने आपल्या लॉगिनने पुसलं तर ठरावीक दिवस कचरापेटीत राहतं, पुढे आपलं आपण पाहायचं. आपला डेटा, आपली माणसं आणि कोणाला किती परवानगी, हे तीन कोणत्याही प्रकारात आपल्याच रकान्यात राहतात. मॅडमनी पेन घेऊन ती ओळ स्वतः लिहिली.

मग त्यांना विचारलं, सगळं बंद पडलं तर किती वेळाचं काम परत टाइप करायला चालेल? त्या म्हणाल्या, फार तर एक तासाचं. आणि किती वेळ हातावर हात ठेवून बसायला चालेल? चार तास. ही दोन उत्तरं वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवली. तांत्रिक भाषेत यांना मोठी नावं आहेत, पण विचारायचे तर याच शब्दांत. आमचा आजचा बॅकअप रात्री एकदाच होतो, म्हणजे एका तासाचं वचन आज आम्ही स्वतःलाही देऊ शकत नाही.

जाता जाता त्यांना १० मार्च २०२१ची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, एक इमारत पुरती गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचं दोन्ही गेलं. "क्लाउड" म्हटलं तरी शेवटी ती कुठल्या तरी जमिनीवर उभी असलेली इमारत आहे. त्यामुळे आमची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात राहील, हे आजच ठरलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

उपलब्धतेचा, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील त्या वचनाचा, हिशेब. ९९.९ टक्के ऐकायला पूर्ण वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ते ४३ मिनिटं बंद राहण्याची सूट देतं. ९९.९९ असेल तर चार मिनिटांच्या थोडं वर. एकावर एक अवलंबून असलेल्या दोन सेवा, प्रत्येकी ९९.९, घेतल्या तर गुणाकार होऊन ९९.८ उरतात, म्हणजे महिन्याला ८६ मिनिटं. आणि वचन मोडलं तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेला धंदा कोणी भरून देत नाही.

पण आमचा खरा अशक्त दुवा वेगळाच निघाला: ऑफिसची इंटरनेट लाइन. क्लाउड शंभर टक्के चालू असून लाइन गेली तर आम्ही शून्यावर. दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन मागवली. जोडणीवाला आला तेव्हा त्याच्याबरोबर तळमजल्यावर गेले. तो दुसरी केबल पहिल्याच पाइपातून ओढत होता. खणताना एक तुटली असती तर दोन्ही तुटल्या असत्या. त्याला थांबवून मागच्या भिंतीकडून वेगळी वाट करून घेतली. अर्धा दिवस जास्त लागला, पण दोन लाइन घेतल्याचा अर्थ उरला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चाचणीसाठी छोटं खातं उघडून दोन आठवडे झाले. पहिलं बिल आलं, छापून टेबलावर पसरलं आणि ओळीन् ओळ वाचली.

मशीनचं भाडं तासावर दिसतं. महिन्यात ७३० तास. चाचणीचं मशीन आठवड्यात ५० तासच लागतं, आठवडा १६८ तासांचा. संध्याकाळी बंद केलं तर भाडं तिसऱ्या हिश्श्याहून कमी होतं. मी बंद केलंही होतं. तरी बिल येत होतं, कारण मशीन बंद झालं तरी त्याला लावलेली डिस्क भाड्यावरच राहते. राखून ठेवलेल्या सार्वजनिक आयपी पत्त्याचं वेगळं. पहिल्या दिवशी घेतलेले सात स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती, तसेच पडून होते, त्यांचं वेगळं. डेटा आत नेणं फुकट, बाहेर काढणं मोजून.

यातून तीन नियम लिहून काढले. प्रत्येक गोष्टीला विभागाच्या नावाचं लेबल लागल्याशिवाय ती सुरू करायची नाही. अंदाजाच्या निम्म्यावर आणि ऐंशी टक्क्यांवर खर्च गेला की मला आणि मॅडमना, दोघींना, मेल यायला हवी. आणि हे विसरायचं नाही की ती मेल फक्त कळवते, मीटर थांबवत नाही.

तीन वर्षांचा ताळा मांडला. नवीन सर्व्हर, बॅटऱ्या, एसी, वीज, देखभाल आणि बॅकअपची सोय मिळून होणारा खर्च १०० धरला. तेवढंच मोठं मशीन क्लाउडवर चोवीस तास भाड्याने ठेवलं तर १३८. भारानुसार मशीन लहान केलं, महिनाअखेरीला दोन दिवस मोठं केलं, न हलणाऱ्या फाइली स्वस्त साठवणीत टाकल्या आणि वर्षभराची हमी देऊन सवलत घेतली तर ९१. साहेबांना दोन्ही आकडे दिले. क्लाउड आपोआप स्वस्त पडतं असं मी त्यांना सांगणार नाही. जुनं घर जसंच्या तसं उचलून नेलं तर महागच पडतं. ज्यांचा भार मोठा आणि कायम सारखा असतो त्यांना स्वतःची यंत्रं परवडू शकतात. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांच्या बहुतेक फाइली अॅमेझॉनवरून काढून स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये नेल्या, त्या याच हिशेबावर. आमचा भार तसा नाही. तो महिनाभर झोपतो आणि दोन दिवस उठतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

निर्णय झाला. जायचं, पण सगळं एका गाठोड्यात बांधून नाही. हिशेब आणि फाइली तयार सेवेवर. वेबसाइट आणि मालसाठा भाड्याच्या मशीनवर, त्यांचा डेटाबेस सेवा म्हणून. सोमवारच्या अहवालाची स्क्रिप्ट बंद, कारण ती कोण वाचतं विचारलं तर कोणीच नाही. लेबलांचा प्रोग्राम गोदामातच राहील, फक्त टेबलाखालून निघून नीट मशीनवर येईल. नेट गेलं तरी माल निघाला पाहिजे, हे गोदामप्रमुखांचं म्हणणं बरोबर आहे.

आज एक चूकही सापडली. चाचणीत मालसाठ्याचा प्रोग्राम क्लाउडवर आणि डेटाबेस अजून ऑफिसातल्या सर्व्हरवर ठेवला होता. एक पडदा उघडायला जवळपास चार सेकंद लागू लागले. गोदामातून लगेच फोन. नेटचा वेग भरपूर होता, म्हणून आधी कोडं पडलं. मग लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः ठेवलेली नोंद, पाहिला: तो एक पडदा भरायला प्रोग्राम डेटाबेसला ३१० वेळा प्रश्न विचारतो, एकाचं उत्तर आलं की दुसरा. जाऊन यायला १२ मिलिसेकंद, गुणिले ३१०, म्हणजे ३.७ सेकंद. एकाच खोलीत असताना हे कधी जाणवलंच नव्हतं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, हजार किलोमीटर जाऊन परत यायला दहा मिलिसेकंद लागणारच. जास्त पैसे मोजून ते कमी होत नाहीत. प्रोग्राम आणि डेटाबेस शेजारी शेजारी ठेवल्यावर तोच पडदा अर्ध्या सेकंदात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मागच्या सोमवारी, २० तारखेला, अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रांच्या समूहात मोठा बिघाड झाला. कंपनीने दिलेला खुलासा वाचला. त्यांच्या एका डेटाबेस सेवेचे पत्ते सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचे दोन भाग एकमेकांच्या आड आले आणि त्या सेवेची डीएनएस नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, रिकामी झाली. सेवा होती, तिचा पत्ता सापडत नव्हता. तिच्यावर टेकलेल्या बाकी सेवा एकामागून एक आडव्या झाल्या. पूर्ववत व्हायला दिवसाचा मोठा भाग गेला.

साहेबांनी विचारलं, आता पुनर्विचार करायचा का? मी म्हटलं, आपली डिस्क १ सप्टेंबरला गेली तेव्हा त्याची बातमी झाली नाही, एवढाच फरक धरा. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्यांचं त्या केंद्रात स्वतःचं काहीच नव्हतं तेही अडकले, कारण त्यांची लॉगिनची किंवा पैसे भरण्याची सेवा तिथे होती. म्हणून आज हिशेबाच्या सेवावाल्यांना विचारलं, तुमचं चालतं कुठे? त्यांनी सांगितलं. आमचं मशीन जिथे आहे तिथेच. वहीत लिहिलं: त्या दिवशी दोन्ही एकदम जातील. मॅडमनी ठरवलं की दर संध्याकाळी येणी-देण्यांची यादी आपल्याकडे उतरवून घ्यायची.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउडमधल्या फ्रंट डोअरचा, म्हणजे वेबसाइटवर येणारी रहदारी वाटून देणाऱ्या सेवेचा, बिघाड, कारण मांडणीतला एक चुकीचा बदल. म्हणजे "दोन क्लाउड घ्या, सुटाल" असा सोपा मंत्र नाही. आमच्याएवढ्या गटाला दोन ठिकाणची फायरवॉल, दोन ठिकाणच्या परवानग्या नीट सांभाळता येणार नाहीत. चालतं काम एकीकडे, बॅकअपची प्रत मात्र दुसऱ्या कंपनीकडे. इथपर्यंत आम्हाला झेपतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुख्य खात्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत. रोजच्या कामाला वेगळी लॉगिनं, सगळ्यांना पासवर्डनंतर दुसऱ्या पायरीचा कोड सक्तीचा. बॅकअपचं खातं पूर्ण वेगळं. तिथे कामाच्या खात्यातून फक्त लिहिता येतं, पुसता येत नाही. असं का, हे सहकाऱ्याने विचारलं तेव्हा त्याला प्रोग्रामचा कोड साठवून देणाऱ्या कोड स्पेसेस कंपनीची हकीकत सांगितली. जून २०१४ मध्ये कुणीतरी त्यांच्या क्लाउडच्या नियंत्रण पानात शिरलं आणि मशीन, डेटा, बॅकअप सगळं पुसलं, कारण सगळं एकाच किल्लीखाली होतं. ती कंपनी बंद पडली.

फाइलींची नक्कल आजपासून. १०० मेगाबिटच्या लाइनवर एक टेराबाइटला पूर्ण वेग धरूनही २२ तास लागतात. दिवसा लाइन लोकांची, रात्री माझी. आधी वापरातल्या १.४ टेराबाइट, जुन्या फाइली सावकाश.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज परत मिळवण्याची पहिली तालीम. वहीतली पहिलीच ओळ, अडीच महिने तिसऱ्या रकान्यात पडलेली.

नियम असा ठरवला: जुना सर्व्हर जळाला असं धरायचं. त्याला हात लावायचा नाही. फक्त बॅकअप आणि कोरं मशीन. सकाळी १०ला सुरुवात. डेटाबेस ११.२० ला उभा राहिला, नोंदींची संख्या जुळली, मला हायसं वाटलं. मॅडमना बोलावलं, म्हटलं नेहमीसारखं काम करून बघा. त्यांनी एका ग्राहकाचं खातं उघडलं, जुनं बिल उघडायला क्लिक केलं. कोरं पान. दुसरं बिल, कोरं. तिसरं, कोरं.

बिलांच्या पीडीएफ डेटाबेसमध्ये नव्हत्याच. डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता, फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर दोन वर्षांपूर्वी जागा अपुरी पडली म्हणून त्याच सर्व्हरवर दुसरीकडे हलवलेला. बॅकअपच्या यादीत जुनाच मार्ग राहिला होता. बॅकअप रोज रात्री त्या रिकाम्या फोल्डरची इमानदारीने नक्कल करत होता आणि मला "यशस्वी" अशी चिठ्ठी पाठवत होता. दोन वर्षं. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. १ सप्टेंबरच्या त्या अकरा तासांत दुसरी डिस्क गेली असती तर सगळी बिलं गेली असती.

प्रोग्रामचा कोड साठवून देणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ला असंच झालं होतं. थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला आणि मग कळलं की रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता, न झाल्याच्या मेलही पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेल्या प्रतीने त्यांना वाचवलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आमच्यासारख्यांना वाचायला मिळालं.

दुसरी एक बारीक गोष्ट. गोदामातले म्हणाले, मालाच्या यादीचा क्रम बदललाय. खरंच, मधे आडवी रेघ असलेले कोड वर-खाली झाले होते. लिनक्सच्या मूळ लायब्ररीत, जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीपासून, मजकूर क्रमाने लावण्याचे नियम बदलले. आमचं जुनं मशीन त्याआधीचं. आम्ही डेटा ओळींच्या स्वरूपात काढून भरला म्हणून इंडेक्स, म्हणजे डेटाबेसच्या शोधसूच्या, नव्याने बनले आणि फक्त क्रमच बदलला. डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली असती तर जुने इंडेक्स नव्या नियमांशी जुळले नसते आणि असलेला माल शोधात सापडला नसता.

संध्याकाळपर्यंत बॅकअपची यादी दुरुस्त. आता चिठ्ठीत "यशस्वी" सोबत फाइलींची संख्याही येते, आणि ती कालच्यापेक्षा घटली तर लाल. तालीम ६ तास ४० मिनिटं चालली. वचन चार तासांचं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तालीम. ३ तास ३० मिनिटं. बिलं उघडतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्थलांतर. मॅडमच्या सांगण्यावरून महिनाअखेर टाळली. डीएनएस नोंद इतरांनी जपून ठेवायची मुदत गुरुवारीच २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणून ठेवली होती, म्हणजे पत्ता बदलला की जगाला लवकर कळेल आणि मागे फिरायची वेळ आली तर तेही लवकर जमेल.

रात्री ९.०० वेबसाइटवर देखभालीची पाटी. ९.१० जुन्या डेटाबेसवर लिहिणं बंद, फक्त वाचणं चालू. १०.२५ शेवटची प्रत नव्या जागी भरली. १०.४० सोळा मुख्य तक्त्यांच्या नोंदी मोजल्या, सगळ्या जुळल्या. शिलकीची बेरीज दोन्हीकडे सारखी. १०.५५ पत्ता बदलला. ११.०२ नव्या जागी पहिली भेट. ११.१९ खऱ्या ग्राहकाची पहिली ऑर्डर. सहकाऱ्याने तिचा क्रमांक फळ्यावर लिहिला.

मागे फिरायचं तर पहाटे ४ पर्यंतच, असं आधीच ठरवलं होतं. त्यानंतर नव्या ऑर्डरी इतक्या जमल्या असत्या की मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा अवघड झालं असतं. ४ वाजता दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली आणि घरी गेलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मॅडमचा फोन. काही ऑर्डरींवर तारीख चुकीची आहे. नवीन मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, आमचा प्रोग्राम मशीनची वेळ हीच आपली वेळ असं धरून चालणारा. त्यामुळे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच्या ऑर्डरी आदल्या तारखेला गेल्या. मशीनचं घड्याळ तसंच ठेवलं, प्रोग्राममध्ये आपला वेळ विभाग स्पष्ट लिहिला, अठ्ठावीस नोंदी मॅडमबरोबर बसून हाताने दुरुस्त केल्या. तालमीत हे निसटलं, कारण तालमी आम्ही भर दिवसा केल्या.

१ डिसेंबर, सोमवार

महिनाअखेर पार पडली. शुक्रवारी रात्री मशीन मोठं केलं, दहा मिनिटं बंद ठेवावं लागलं. आज संध्याकाळी परत लहान. अहवाल काढायला जो वेळ लागायचा तो निम्म्यावर आला.

९ डिसेंबर, मंगळवार

पहिलं पूर्ण बिल अंदाजापेक्षा १२ टक्के जास्त. लेबलं लावलेली होती म्हणून कारण शोधायला वीस मिनिटं पुरली. एक, वेबसाइटवरची मालाची छायाचित्रं कॅमेऱ्यातून आली तशी, प्रत्येकी सहा-सात मेगाबाइटची, बाहेर जात होती. दोन, प्रोग्रामचे लॉग कायमचे साठत होते. छायाचित्रं लहान केली, लॉग तीस दिवस. छायाचित्रांमुळे वेबसाइट ग्राहकांनाही हळू उघडत होती, हे बिलाने दाखवलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

तिसरी तालीम. या वेळी कळफलकाला मी हात लावायचा नाही. सहकाऱ्याला फक्त माझं लिहिलेलं टिपण दिलं आणि मागच्या खुर्चीत बसले. मी आजारी पडले, नोकरी सोडली, फोन लागला नाही, असं धरायचं.

पहिल्या सहा पायऱ्या सरळ. सातवीला तो थांबला. "बॅकअपच्या खात्यात शिरायला कोड मागतोय. कोड कुठे येतो?"

कोड माझ्या फोनवर येतो. टिपणात ते कुठेच नव्हतं, कारण मी दरवेळी न बघता खिशातून फोन काढत होते. खातं वेगळं, शहर वेगळं, कंपनी वेगळी, आणि या सगळ्याची किल्ली एका माणसाच्या खिशात. वही उघडून तिसऱ्या रकान्यात नवीन ओळ लिहिली: माझा फोन.

तालीम तिथेच थांबवली. दुपारी दोन हार्डवेअर किल्ल्या, म्हणजे कोडऐवजी मशीनला लावायची छोटी उपकरणं, त्या खात्याला जोडल्या. एक तिजोरीत लिफाफ्याशेजारी, दुसरी मॅडमच्या कपाटात. सातव्या पायरीत ते लिहिलं. ३.१५ ला सहकाऱ्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. ५.२० ला मॅडमनी मागच्या वर्षीचं एक बिल उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. २ तास ५ मिनिटं.

ओळ खोडली. पुढची तालीम १२ मार्च २०२६, गुरुवार, मध्यरात्रीच्या वेळेची. समोर सहकाऱ्याचं नाव त्याने स्वतः लिहिलं.